पाटी फिरली, मासळी नाही

मावशींच्या हातात काहीही द्या, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचं तोंड कुठं हाय?" पोलादाचा नखाएवढा तुकडा असो, लग्नपत्रिका असो की गिऱ्हाइकाने धाडलेला नकाशा. आमच्यातल्या एकाने बायकोच्या सोनोग्राफीचा कागद मोठ्या कौतुकाने पुढे केला, तर मावशींनी तो चारही बाजूंनी फिरवून तोच प्रश्न विचारला. तेव्हा उलगडा झाला. गेले चार दिवस तो सगळ्यांना आपलं होणारं मूल उलटं धरून दाखवत होता.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत धातू तपासून देणारी आमची छोटी प्रयोगशाळा होती. मावशी नवापूरच्या, मच्छीमार घरातल्या. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्या आणि इथे तुकडे घासून आरशासारखे करायच्या कामाला लागल्या. मी रुजू झालो तोवर रिपोर्टावर सही त्यांचीच असायची. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत, आणि त्यामुळे गमती होत. एकदा एका मोठ्या कारखान्याच्या साहेबांनी त्यांना चहा आणायला सांगितला. मावशींनी आणला. साहेबांचा चहा संपेपर्यंत शांतपणे उभ्या राहिल्या, मग समोरच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता तुमच्या रिपोर्टाचं बोलू." साहेब पुढचा अर्धा तास रिकाम्या कपातून घोट घेत होते.

आमच्या कामाचं थोडं सांगायला हवं. धातूचा पत्रा वरून एकसंध दिसतो, पण आत तो दाण्यांचा बनलेला असतो. प्रत्येक दाणा म्हणजे एक स्फटिक, अणूंच्या शिस्तीत लागलेल्या रांगा. कुठल्या दाण्याच्या रांगा कुणीकडे धावतात यावर त्या धातूचं बरंच काही ठरतं. आमचा सूक्ष्मदर्शक पत्र्यावर हजारो ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी तीन कोन नोंदवायचा आणि एक रंगीबेरंगी चित्र काढायचा. भानगड पुढे होती. आमच्या यंत्राचा प्रोग्रॅम एका पद्धतीने फाईल लिहायचा आणि गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम ती दुसऱ्या पद्धतीने वाचायचा. एकाची आडवी रेघ ती दुसऱ्याची उभी. या फाईलचं त्या फाईलमध्ये रूपांतर करणं हे माझं काम. दोन पदव्या घेऊन आलो होतो, माझ्या मते ते एक बटण दाबण्याचं काम होतं.

मावशींच्या मते नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, बाजारात पाटीत बांगडे लावलेत, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आता पाटी फिरवली तर काय होईल? मी म्हटलं, बांगडे फिरतील. "हां. पन तुज्या कम्प्युटरात पाटी फिरते आनि मासे तोंड वलवत नायत. चितर फिरवलंस म्हनून कोन फिरले आसं समजू नको." मी नम्रपणे मान डोलावली आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर या बांगड्यांची मनसोक्त नक्कल केली. मला नकला चांगल्या येतात. टपरीवाल्याने तर ती दोनदा करून घेतली.

अशी चूक पकडायला त्यांचा एक नेम होता. त्यांच्या खणात काड्यापेटीत एक तुकडा असे, एका अखंड स्फटिकातून कापलेला, एक कोपरा छाटलेला. त्याच्या आतल्या रांगा कुठे धावतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रोग्रॅम बदलला, नुसती एखादी सेटिंग जरी बदलली, तरी आधी त्या तुकड्याची फाईल त्या वाटेने पाठवायची. पलीकडे तो तसाच बाहेर पडला तर वाट खरी. याला पाऊण दिवस जायचा. मावशी म्हणायच्या, "वलखीचा मानूस आदी पाटवावा. तो बरोबर पोचला तर आपन जावं."

त्या दिवशी तो तुकडा काड्यापेटीतच राहिला.

ट्रान्सफॉर्मरसाठी पोलादाच्या पट्ट्या कापणाऱ्या एका कारखान्याचं काम होतं. या खास पत्र्याला एक दिशा असते. पट्टी त्या दिशेला धरून लांब कापली तरच ती नीट चालते; आडवी कापली तर ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो. त्यांचा एक लॉट चाचणीत नापास झाला होता. संशय कात्रीवर काम करणाऱ्या लहानूवर. डोंगराकडच्या एका पाड्यावरचा माणूस, सरावलीत खोली घेऊन बायकोमुलांसह राहायचा. म्हणत होता, मी आडवी कापलीच नाही. कारखान्याने आमच्याकडे पट्टीचा तुकडा पाठवला: यातली दिशा लांबीत आहे की आडवी, एवढंच सांगा. लहानूची नोकरी त्या एका ओळीवर होती, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

यंत्राच्या चित्रात पट्टी उभी आली होती. कारखान्याच्या प्रोग्रॅमला ती आडवी हवी होती. म्हणून मी रूपांतर करताना चित्र पाव वळसा फिरवलं. ती सेटिंग मी पहिल्यांदाच वापरत होतो. कारखान्याचा माणूस समोर बसून घड्याळ बघत होता, शेठ दर दहा मिनिटांनी दारात डोकावत होते. उत्तर आलं: पत्र्याची दिशा पट्टीत आडवी, म्हणजे लहानू खोटा. मावशी म्हणाल्या, आधी काड्यापेटीतला तुकडा पाठवू. शेठ म्हणाले, आजच्या दिवस राहू द्या. मी म्हटलं, मावशी, मी बघितलंय सगळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी लहानूला फाटकातून बाहेर काढलं.

मावशींना मात्र चैन पडेना. एकदोन घाईची कामं हातावेगळी केली आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी काड्यापेटी उघडली. दुपारी मला हाक मारली. पडद्यावर तो ओळखीचा तुकडा बरोबर पाव वळसा चुकून बाहेर पडला होता. चित्र मी फिरवलं होतं, कोन जुन्याच दिशेला तोंड करून बसले होते. पट्टी सरळच कापलेली होती. मला वाटलं, आता मावशी बोलतील, आणि बांगड्यांची नक्कल त्यांच्या कानावर गेली असेल तर अजूनच बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "ऊठ. सरावलीला जायचं हाय."

सरावलीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "वो लोग तो सामान लेके गाँव चले गए." पत्ता विचारत, दोन टमटम बदलून, पुढे पायी चढून आम्ही पाड्यावर पोचलो. लहानू अंगणात कुडाला माती लिंपत होता. मावशींनी पाणीही न पिता सांगितलं: तुमची चूक नव्हती, आमचा रिपोर्ट चुकला, उद्याच नवा देते, साहेब तुम्हाला परत घेतील.

लहानूने हात धुतले. मग म्हणाला, "कागद साहेब बघल, बाई. मला सगल्यांपुढं काडलं. पोरं मागनं हसली. सांगायचं तर तितंच सांगा."

मावशी म्हणाल्या, "बरं."

शेठना हे मुळीच पसंत नव्हतं. नवा रिपोर्ट द्या, यंत्रात बिघाड होता असं लिहा, विषय संपवा, असं त्यांचं म्हणणं. कारखान्याच्या मॅनेजरलाही तेच सोयीचं होतं. दोघांनी मावशींना तासभर समजावलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पाळी कधी सुटते तेवढं विचारलं.

पाळी सुटायच्या वेळी त्या फाटकासमोर उभ्या राहिल्या. शेजारी लहानू, धुतलेला शर्ट घालून. दीड-दोनशे माणसं बाहेर पडत होती, काही थांबली, मग त्यांना पाहून बाकीची थांबली. मावशींनी आवाज चढवला नाही. मासळीबाजारात वाढलेल्या बाईला तो चढवावा लागत नाही. त्या म्हणाल्या, ह्या माणसाने पट्टी सरळच कापली होती, तो खरं बोलत होता, आम्ही चुकीचं लिहून दिलं. मॅनेजर घाईने पुढे झाला आणि म्हणाला, "हां, हां, मशीन में कुछ गड़बड़ था."

"मशीनला काय बोलू नका," मावशी म्हणाल्या. "सही माजी हाय. चूक माजी."

लहानू दुसऱ्या दिवसापासून कामावर आला. तो लॉट का नापास झाला ते पुढे दुसऱ्या कुणीतरी शोधलं. त्या कारखान्याने आमच्याकडे पुन्हा तुकडा पाठवला नाही. महिन्याभरात शेठनी सहीचा अधिकार मावशींकडून काढून घेतला आणि, आता हसू नका, माझ्याकडे दिला. मावशी पुन्हा घासायच्या टेबलाशी जाऊन बसल्या. तीन वर्षं तिथूनच मला शिकवत राहिल्या, आणि निवृत्त होऊन नवापूरला गेल्या. मागच्या वर्षी त्या वारल्या. चूक कुणाच्या हातची, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. शेठनाही नाही.

फाटकाचा हा प्रसंग मी खूप बैठकांत रंगवून सांगितला आहे. मावशींचा आवाज काढतो, मॅनेजरचा काढतो, गर्दीही एकटाच उभी करतो, आणि लोक दाद देतात. मी त्या वेळी कुठे होतो हे आजवर कुणी विचारलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, टपरीच्या मागे. तिथून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.