सीलिंगच्या वरची खूण

मनोहरच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी नंदनवन भागातल्या एका दुकानात शिडीवर उभा होतो. "भाऊजी, हे गेले जी... चहा पिता पिता," एवढंच त्या बोलल्या. मी उतरलो आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. मनोहरशी दोन वर्षं माझं बोलणं नव्हतं. आता ते होणारही नव्हतं.

आयटीआयपासूनची आमची दोस्ती. मी फॉल्स सीलिंग बसवायचो, तो आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप टाकायचा. मी झाकायचो, तो उघडायला लावायचा. लग्नात गेला तरी याची मान वर, छताकडे! कामावर सीलिंगची टाईल सरकवून डोकं आत घालायचा. खाली नुसते पाय, बडबड वरून. तपासलेल्या पाइपावर निळ्या खडूने 'पाहिलं' लिहायचा. मी चिडवायचो, "अबे, पाल वाचते का ते?" तो हसायचा... त्या छताआडच्या हसण्यासाठी आज जीव तुटतो.

भांडण झालं सक्करदऱ्याच्या एका हॉलवरून. शोभेसाठी मी सीलिंग बरंच खाली घेतलं होतं. वर खोल पोकळी, तिच्यात लाकडी सांगाडा आणि वायरींचं जाळं. मनोहर म्हणाला, एवढ्या पोकळीला खालचे स्प्रिंकलर पुरत नाहीत, वर वेगळी लाइन लागते.

"वर कोण पाहून राहिलं गा?" मी म्हणालो.

"आग पाहते ना गा. आतल्या आत पसरते. खाली पाणी सुटेपर्यंत छत अंगावर येते."

मालकासमोर पाणउतारा झाल्यासारखं वाटलं आणि मी त्याला नको ते बोललो. तो शिडी उचलून निघून गेला.

आठ दिवसांनी मी दुसऱ्या माणसाकडून वरची लाइन टाकून घेतली. मनोहरला मात्र कळवलं नाही. तुझंच खरं होतं, हे सांगायला जीभ रेटली नाही... कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

तेरवी झाल्यावर राहवेना, म्हणून हॉलवर गेलो. चौकीदाराने शिडी आणून दिली. "तुमचे दोस्त बी आले होते जी मागच्या साली. हेच टाईल उघडली त्यायनं."

मी चढलो, टाईल सरकवली, टॉर्च मारला. धूळ, वायरी, लाल पाइप. पाइपावर निळ्या खडूने, त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिलं गा.'

पाइपाला कोणी 'गा' म्हणत नाही. मी डोकं आत ठेवून तसाच उभा राहिलो, खाली नुसते माझे पाय.