ओलं फडकं

वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. शहरात द्वारका चौकाजवळ माझा लग्नांच्या शूटिंगचा धंदा. जगाचे सोहळे साठवणाऱ्याला बापाचा आवाज साठवता येऊ नये? चार दुपारी मी त्यांना आमच्या फुलांच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं.

रेकॉर्डिंग थेट एसएसडीवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या काडेपेटीएवढ्या डबीत साठत होतं. ती कॅमेऱ्याचीच वीज ओढायची, तासाभरात बॅटरी खलास. आणि तापायची तर इतकी, की बोट ठेववत नव्हतं. फार तापली की रेकॉर्डिंग आपोआप बंद. गार झाली की पुन्हा सुरू. मला ते बरं वाटत नव्हतं. तरी गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दोन कॉप्या काढणारा मी घरच्या कामाला म्हणालो, करू सावकाश. त्या आळसाची मला आजही चीड येते.

चौथ्या दुपारी बॅटरी संपत आली म्हणून दुसरी आणायला गाडीकडे गेलो. परतलो तर एसएसडीवर ओलं फडकं. शेवंतीच्या क्रेटवर टाकतो तसंच, चारी बाजूंनी नीट खोचलेलं.

"लय तापलं व्हतं रं," वडील म्हणाले. "म्हनलं, कोमेजून जाईल."

मी एसएसडी शर्टाला पुसली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ती दिसेना. तापली असेल, रोजचंच आहे, असं मी स्वतःला समजावलं. वडिलांनाही दम लागला होता. संध्याकाळी त्यांना ॲडमिट केलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरला लावली. दिसेना. केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला. शेवटी दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवली. केबलच्या तोंडातून पाणी आत गेलं होतं, आणि वीज चालू असल्यामुळे आतलं सगळं जळलं होतं. "यातून काही निघणार नाही," असं म्हणून त्याने झाकण लावून परत दिली.

आता वडील घरी आहेत, पाटीवर लिहून बोलतात. परवा त्यांनी लिहिलं, 'ते कुठंय?' खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. कपाटातून एसएसडी काढून हातात दिली. ताप बघावा तसा त्यांनी तिला उलटा हात लावून पाहिला. मग समाधानाने मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'गार हाय.'