सिंहाच्या शेपटीकडून पाहिलेलं देऊळ

सिकंदराबादहून गाडी सुटली तेव्हा मी नुसती प्रेक्षक होते. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले आमचे शेजारी, दातांचे डॉक्टर ली, चिनी नववर्षाला कोलकात्याला निघाले होते. त्यांचे आजोबा सुतार. चीनहून बोटीने आले आणि तिथल्या चिनी देवळाचं लाकूडकाम केलं. "टीचर, एक बार चलके देखो," असं डॉक्टर कितीतरी वर्षं म्हणत होते. मी शाळेतून निवृत्त झाले आणि लगेच पिशवी भरली.

डॉक्टरांना मात्र घोर लागला होता. देवळातला सिंहनाच, म्हणजे दोघांनी एका कापडी सिंहात शिरून करायचा नाच, बरीच वर्षं बंद पडलेला, कारण नाचणारी पोरं परदेशी गेलेली. यंदाही सिंह उठला नाही, तर त्याचं डोकं संग्रहालयाला देऊन टाकायचं, असं देवळाच्या मंडळाने ठरवलं होतं. म्हणून डोकं डॉक्टर धरणार होते आणि शेपटी त्यांचा चुलतभाऊ.

देऊळ जुन्या बाजारातल्या गल्लीत, मासळीच्या दुकानांमागे लपलेलं. मी मान वर करून पाहतच राहिले. हिरव्या कौलांचं छप्पर टोकांना वर वळलेलं, आढ्यावर ड्रॅगन. आत लाल खांब, उघडा चौक, आणि एकात एक बसवलेल्या तुळया. खिळा कुठे दिसेना. मागच्या खोल्यांत पूर्वी बोटीवरून उतरलेली माणसं काम मिळेपर्यंत राहत. पुढे देव, मागे पथाऱ्या. मला हे फार आवडलं.

नाश्त्याला वाफाळते पांढरे पाव होते. आत काय आहे ते तीन जणांना विचारून मगच मी तोंड उघडलं. तेवढ्यात बातमी आली: चुलतभावाचा पाय जिन्यावर मुरगळला.

मंडळाचे म्हातारे अध्यक्ष उठून सिंहाचं डोकं गुंडाळू लागले. डॉक्टरांचा चेहरा बघवेना. ते माझ्याकडे वळले. "टीचर, दुम तुमे पकड़ते क्या?"

"डॉक्टर, माझं वय बघा!"

"उमर कू क्या देखना? पाँवां तो मजबूत हैं ना!"

पदर खोचला आणि मी कापडाखाली शिरले. ढोल सुरू झाला. मला दिसत होत्या फक्त डॉक्टरांच्या टाचा. देवापुढे तीनदा वाकलो. आता खरी परीक्षा. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून सिंह उलटा बाहेर पडतो, म्हणजे शेपूट आधी. आणि उंबरठा गुडघाभर उंच! त्यावर पाय पडला तर अपशकुन. उंबरठ्यावर पाय देऊ नकोस हे आईने जन्मभर सांगितलं होतं. उलटं चालत कसा ओलांडायचा ते नव्हतं सांगितलं.

"हल्लू, टीचर, हल्लू!" (सावकाश.)

टाचेने लाकूड चाचपलं. एक पाय पलीकडे, दुसरा पलीकडे. कंबरेने शिव्या घातल्या. मग डॉक्टरही आले, आणि शुभ म्हणून दारावर टांगलेला हिरवा पाला सिंहाने एका झेपेत तोडला! गल्ली ओरडली. मासळीवाला, चहावाला, सगळे. मीही आतून ओरडले. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "सिंह इथेच राहील."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं पाठीला मलम चोळत होतो. डॉक्टर हळूच म्हणाले, "हम दोनों में एकीच चीनी था, टीचर. कोई पूछा नै." खरंच, कोणी विचारलं नव्हतं. देऊळ बांधणारेही बाहेरूनच आले होते, आणि कापडाखालून दिसत होते फक्त चार पाय. बरकतपुऱ्यात रिक्षातून उतरताना मी डॉक्टरांना बजावलं, चुलतभावाचा पाय बरा झाला तरी शेपटी आता माझीच.