रविवारची बादली

रविवारी सकाळी पावणेआठला क्लिफर्ड बॅराक्लफ जिना उतरायचा तो पायात बूट घालूनच. घरात बूट त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, चालत नसत, पण रविवारपुरती ती डोळेझाक करी. मागच्या दाराशी, अगदी जमिनीलगत, पाइपाला एक छोटी तोटी होती. क्लिफर्ड तिच्याखाली पत्र्याची बादली सारायचा, पान्याने तोटी सोडायचा आणि घर तापवणाऱ्या रेडिएटरांतून फिरणारं पाणी बादली भरेपर्यंत काढायचा. काळंशार पाणी. ते परसातल्या गटारीत ओतून तो स्वयंपाकघरात यायचा, बॉयलरखालचा नळ उघडून तेवढंच ताजं पाणी आत सोडायचा आणि दाबाचा काटा दीडवर आला की नळ बंद करायचा. मग हात धुऊन चहा. सध्याचा बॉयलर बसून दहा वर्षं झाली होती, तेव्हा दहा वर्षं तरी हे चाललंच होतं. त्याआधीच्या बॉयलरचं देवाला ठाऊक.

असं करा म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. करू नका म्हणून सांगायची कुणाची छाती नव्हती. कीथली गावातल्या लोअरफोल्ड गिरणीच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. लोकर धुवायला, रंगवायला लागणारी सगळी वाफ त्या एका बॉयलरची. त्याचा नियम साधा होता. दर पाळीला तळाची झडप उघडायची, बुडाशी साचलेला गाळ बाहेर फेकायचा आणि ताजं पाणी घ्यायचं. ज्याने हे चुकवलं त्याचा बॉयलर गेला, आणि एखाद्या वेळी बॉयलरवाल्यालाही घेऊन गेला. क्लिफर्डने एकही पाळी चुकवली नाही. गिरणीला कुलूप लागलं, तो पुढे पेन्शनीत निघेपर्यंत कौन्सिलच्या बागेतली पानं झाडत राहिला. बॉयलर सुटला, पण हाताची सवय काही सुटली नाही.

तसा तो वाईट माणूस नव्हता. फक्त आपलं बरोबरच असतं याची त्याला सवय लागली होती, आणि ही सवय दारूपेक्षा वाईट. समोरच्या खोलीत गेले दोन हिवाळे गारठा जाणवायचा. ग्लेनिस अंगात दोन कार्डिगनं चढवून, मांडीवर घोंगडी घेऊन टीव्हीसमोर बसायची. "तुझ्या अंगात रक्त आहे का नुसता चहा?" असं म्हणून क्लिफर्ड शर्टाच्या बाह्या वर सारायचा. त्यालाही थंडी वाजत होती, पण ते कबूल करणं म्हणजे बॉयलरवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

नोव्हेंबरात ग्लेनिस चॅपलच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. गुरुवारी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याआधी हॉस्पिटलची एक बाई घर बघायला आली. जिना चढणं महिनाभर बंद, तेव्हा पलंग समोरच्या खोलीत लावायचा, हे ठरलं. बाईने रेडिएटरच्या वरच्या कडेवर हात ठेवला, मग खाली ठेवला आणि खिशातून थर्मामीटर काढला.

"पंधरा," ती म्हणाली. "मिस्टर बॅराक्लफ, या वयात, ऑपरेशन झालेलं माणूस मी पंधरा डिग्रीत नाही झोपवणार. एकवीस पाहिजे. गुरुवारी सकाळी पुन्हा येते. नाही झालं, तर त्यांना थेट शुश्रूषागृहात पाठवावं लागेल. जागा फक्त हॅरोगेटला आहे."

हॅरोगेट म्हणजे दोन बस बदलून जायचं गाव. लग्नाच्या चोपन्न वर्षांत ती दोघं हॉस्पिटल सोडलं तर एक रात्रही वेगळी झोपली नव्हती, आणि मूलबाळ नसल्यामुळे तिकडे जाऊन बसणारंही दुसरं कुणी नव्हतं. क्लिफर्ड घाबरला. त्याने वर्तमानपत्रातली जाहिरात बघून एका कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा पत्ता विचारायच्या आधीच म्हणाला, "सर, तुमची सगळी पाइपलाइन यंत्राने धुवावी लागेल."

"तू पाहिलीस का ती?"

"पाहायची गरज नसते, सर."

"फोनवरून पोट फाडणारा डॉक्टर मला नको," म्हणून क्लिफर्डने फोन ठेवला आणि नाइलाजाने इम्तियाजला बोलावलं.

इम्तियाज तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. वय पन्नाशीचं, काम हीटिंगचं. त्याचे वडील लोअरफोल्डमध्ये पिंजाई खात्यात होते. विलायतेतल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आपला डबा क्लिफर्डच्या बॉयलरच्या पाइपावर गरम केला होता, आणि ते घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की इम्तियाज लहानपणापासून याला काकाच म्हणायचा. तरी दहा वर्षांत काकांनी त्याला बॉयलरजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"अखेर परवानगी मिळाली म्हणायची," इम्तियाज दारातच म्हणाला.

"तोंड कमी चालव, लेका. हात चालव."

इम्तियाजने हीटिंग चालू केलं आणि चहा पिऊन होईपर्यंत कशालाच हात लावला नाही. मग तो खोल्याखोल्यांतून फिरला. प्रत्येक रेडिएटर वर, खाली आणि मधोमध चाचपला. समोरच्या खोलीतला वर पोळत होता आणि बुडाशी मधोमध दगडासारखा गार होता. वरच्या मजल्यावरचे दोन तसेच. बॉयलर किटलीसारखा खदखदत होता.

"एकच रेडिएटर असता तर उतरवून परसात नळीने धुतला असता, यंत्राचं नावही काढलं नसतं," तो म्हणाला. "पण हे तीन आहेत आणि बॉयलरही कुरकुरतोय. जॅमची बरणी आहे का रिकामी?"

बरणीत त्याने तोटीचं पाणी घेतलं. ते शाईसारखं निघालं. त्याने काचेला लोहचुंबक लावला तसा आतला काळा गाळ सरकत येऊन चुंबकाच्या बाजूला गोळा झाला.

"ही माती नाही, काका. हे लोखंड आहे. तुमचे रेडिएटर आतून विरघळतायत."

"कशाने?"

"ताज्या पाण्याने. ताज्या पाण्यात हवा असते, ती लोखंड खाते. तेच पाणी फिरत राहिलं तर महिन्याभरात हवा संपते आणि पाणी मेल्यासारखं होतं. मेलेलं पाणी कुणाचं वाकडं करत नाही." त्याने बरणीचं झाकण लावलं. "म्हणून विचारतो. दाबाचा काटा उतरतो का? वरून पाणी भरावं लागतं?"

ताजं पाणी म्हटल्याबरोबर क्लिफर्डला काय ते कळलं होतं. तो बॉयलरचा माणूस होता, दोनदा सांगावं लागत नसे.

"लागतं," तो म्हणाला. "अधूनमधून."

"मग कुठेतरी गळतंय." इम्तियाजने डोकं खाजवलं. "जमिनीच्या फळ्या उचकटाव्या लागतील. गळती सापडल्याशिवाय मी यंत्र लावणार नाही, तेवढ्या जोराने भोक आणखी मोठं होईल. आज सोमवार. काका, गुरुवार विसरा."

क्लिफर्डने आयुष्यात मालकापुढे मान खाली घातली नव्हती, इन्स्पेक्टरपुढे घातली नव्हती. आता घालावी लागली आणि तीही ज्याच्या बापाला आपण डबा गरम करायला बॉयलरपाशी कोपरा दिला त्याच्यापुढे, याचा त्याला भयंकर राग आला. पण हॅरोगेटला दोन बस लागत होत्या.

"गळत नाही. मी काढतो. दर रविवारी, बादलीभर."

"आपण होऊन काढता?"

"एकतीस वर्षं काढलं! दर पाळीला! गाळ काढायचा, ताजं भरायचं. तुझ्या बापाला विचार."

"अब्बांना आता कुठे जाऊन विचारू?" इम्तियाज हलकेच म्हणाला. "काका, तिथलं पाणी वाफ होऊन उडून जायचं, गाळ मागे राहायचा. म्हणून तिथे ते बरोबर होतं. इथे काही उडत नाही, तेच पाणी फिरतं. गंज लागू नये म्हणून घातलेलं औषधसुद्धा पहिल्याच वर्षी तुमच्या बादलीतून गटारात गेलं असणार."

"म्हणजे हे मी केलं."

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण या माणसाशी खोटं बोलायचं नाही, असं इम्तियाजला घरातून शिकवलेलं होतं.

"हो, काका. तुम्हीच केलंत."

मग त्याने निर्णय सांगितला. मागच्या बेडरूममधला चाळीस वर्षांचा रेडिएटर यंत्रात घ्यायचा नाही. त्याचा पत्रा आतून कागदासारखा झाला असणार, कदाचित गाळानेच भोकं बुजवून धरली असतील. त्याच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायच्या, बाकीचं घर धुवायचं. बुधवारी त्याने यंत्र आणलं. पाच तास ते स्वयंपाकघरात घरघरत होतं आणि नळीतून आधी काळं, मग चहाच्या रंगाचं आणि शेवटी स्वच्छ पाणी आलं. इम्तियाजने नवं औषध घातलं. क्लिफर्ड स्टुलावर बसून होता. एरवी त्याने पन्नास सूचना केल्या असत्या, त्या दिवशी एकही केली नाही.

चार वाजता समोरच्या खोलीतला रेडिएटर बुडापर्यंत तापला. क्लिफर्डने गुडघे टेकून त्याच्या तळाशी हात धरले. त्याला आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

सहाला तो हॉस्पिटलात पोचला. ग्लेनिस उशांना टेकून द्राक्षं खात होती.

"खोली गरम झाली," तो म्हणाला. "बावीस."

"छान झालं."

"गारही मीच केली होती." आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला सांगावं तसं त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ताजं पाणी, गंज, औषध, गटार. काही गाळलं नाही.

ग्लेनिसने एक द्राक्ष तोंडात टाकलं. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"दोन वर्षांमागे बॉयलर तपासायला एक टकलू आला होता. तू केस कापायला गेला होतास. त्याने पाणी बघितलं आणि म्हणाला, बाई, हे काढतं कोण? थांबवा त्यांना."

"मग?"

"बरं म्हटलं. बिस्किटं दिली त्याला."

क्लिफर्ड लालबुंद झाला. "दोन हिवाळे! दोन हिवाळे कुडकुडलीस आणि वर माझी बोलणी खाल्लीस! तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" शेजारच्या पलंगावरच्या बाई मान वळवून बघायला लागल्या.

"खाली बस आधी," ग्लेनिस म्हणाली. तो बसला. "गिरणी बंद झाली तेव्हा तीन महिने तू अंथरुणातून उठत नव्हतास. तू ते कधी बोलत नाहीस, मीही नाही. दाढी नाही, जेवण नाही, भिंतीकडे तोंड. आणि एक दिवस उठलास. रविवार होता. बूट चढवून खाली गेलास, बादलीभर पाणी काढलंस आणि येऊन मला म्हणालास, अंडी आहेत का?" तिने द्राक्षं बाजूला ठेवली. "खोली गार पडली तर कार्डिगन घालता येतं, क्लिफर्ड. तू पुन्हा तसा पडून राहिला असतास, तर मी काय घातलं असतं?"

क्लिफर्ड पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून खाली बघत बसला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्सने येऊन त्याला दोनदा निघायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा सांगितलं नाही.