न उचललेला बेलभंडार

दारू सोडवणाऱ्यांचा पत्ता मला मिळाला तो मीच जुळवलेल्या जाहिरातीतून. साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी कानडी मुलखातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो, इंग्रजी आणि कानडी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. कंपोझिटर मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो, तीही उलटी. 'पिणं थांबवायचंय आणि थांबत नाही?' अशा अर्थाची ती चार ओळींची इंग्रजी जाहिरात मी तीन आठवडे जुळवली. तिसऱ्या आठवड्यात हात इतके थरथरत होते की जुळवलेल्या ओळी जमिनीवर सांडल्या. पुन्हा जुळवताना पहिल्यांदा लक्षात आलं, हे आपल्याबद्दल चाललंय. खरं सांगायचं तर मला रागच आला.

त्याच्या आदल्या महिन्यात बायको मुलीला घेऊन राजाजीनगरला थोरल्या भावाकडे निघून गेली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. मी पिऊन पडलो असताना चार वर्षांच्या मुलीने शेजारच्या अक्कांना जाऊन "अप्पा मेले" म्हणून सांगितलं, तेवढंच. मग मेहुण्याचा निरोप आला: मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बेलभंडार उचला आणि दोघींना घेऊन जा.

आमचं कुलदैवत खंडोबा. देवापुढचा बेल आणि भंडारा, म्हणजे हळद, हातात घेऊन बोललेला शब्द ही आमच्यात शेवटची शपथ. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारा माणूससुद्धा इथे खोटं बोलत नाही. मी बोललो होतो, तीनदा. दोनदा महिनाभर टिकलो, तिसऱ्यांदा आठ दिवस. आता चौथी शपथ पोरीच्या डोक्यावर. ती मोडली तर पोरीचं काय होईल? आणि नाही घेतली तर दोघी कायमच्या तिकडेच राहणार होत्या.

शनिवारी संध्याकाळी जाहिरातीतल्या पत्त्यावर, शिवाजीनगरला गेलो. चर्चच्या मागच्या खोलीत सात-आठ माणसं चहा पीत बसली होती. एकेक जण उठून नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा आणि आपली फजिती सांगून खाली बसायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला एक अँग्लो-इंडियन गार्ड सगळं चालवत होता. मला इंग्रजी जुळवता यायचं, बोलता फारसं नाही. फजित्या मात्र सगळ्या ओळखीच्या होत्या.

शेवटी शपथ असणार, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून खिशात बेलाची पानं आणि भंडाऱ्याची पुडी घेऊन गेलो होतो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मी ती टेबलावर, किटलीशेजारी मांडली आणि विचारलं, "आधी कोण उचलणार?" मंडळी पुडीकडे बघतच राहिली. एकाने तर चहात टाकायचा मसाला समजून ती हुंगून पाहिली. हे काय आहे ते मी समजावलं तेव्हा गार्डने मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "याआधी किती वेळा उचललंस?"

"तीनदा."

"मग ठेव खिशात. इथे कोणी शपथ घेत नाही. आज पिऊ नकोस. उद्याचं उद्या बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन बस बदलून आलो ते हे ऐकायला? फक्त आजच्यापुरतं बघणारे लोक दारूच्या दुकानात काय कमी होते! पण त्या दिवशी प्यालो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दर शनिवारी कुरकुरत जात राहिलो. असे पाच महिने गेले आणि मग मेहुण्याकडे गेलो.

त्याने जय्यत तयारी ठेवली होती. पाटावर खंडोबाचा टाक, बेल, भंडारा. समोर परकर-पोलक्यात मुलगी. ती माझ्याकडे धावत आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"बसा दाजी," मेहुणा म्हणाला. "स्वल्प पाणी प्या, मग उचला."

मी हात पुढे केला. पाच महिन्यांच्या जोरावर शपथ घेणं सोपं होतं, दोघी त्याच पावली घरी आल्या असत्या. पण पोरीच्या केसांवर हात ठेवायची माझी हिंमत होईना.

"नाही उचलत," मी म्हणालो. "पाच महिने प्यालो नाही. आज प्यालो नाही. उद्याचं मला माहीत नाही."

"मग आलात कशाला?" मेहुणा भडकला. बहिणीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? देवापुढे बसून सांगतायत, उद्याचं माहीत नाही!"

ती पुढे आली. पाटावरचा बेल आणि भंडारा उचलून तिने देव्हाऱ्यात ठेवला.

"राहू दे अण्णा. जन्मभराचं मी तीनदा ऐकलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीपण आजच्यापुरतीच येते. उद्याचं मलापण माहीत नाही. सरी, चालेल?"

मी मान हलवली. तिने एक लुगडं पिशवीत टाकलं, मुलीला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या. तिची ट्रंक मात्र भावाकडेच राहिली. पुढची चार वर्षं ट्रंक तिथेच होती, आणि जाऊन घेऊन येऊ का, असं विचारायचा धीर मला एकदाही झाला नाही.