सहा आठवडे, मग आणखी सहा

२००१ साली माझा थोरला भाऊ लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली नोकरी सोडून रत्नागिरीत माझ्याकडे राहायला आला. सोडली म्हणजे जाणंच बंद केलं. कंपनीची बस यायची, हॉर्न वाजवायची, हा खोलीत बसून राहायचा. माझ्याकडे आल्यावर तर अंथरुणातून उठेनाच. भिंतीकडे तोंड करून पडलेला. बांगडा एवढा आवडीचा, पण ताटात तसाच राहायचा.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "सहा आठवडे धीर धरा."

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. विचारलं, "गोळीचा मेंदूतल्या सेरोटोनिनवर परिणाम तर काही तासांतच सुरू होतो ना? मग सहा आठवडे कशाला?"

"पेशींना बदलावं लागतं. सेरोटोनिनला धरून घेणारी प्रथिनं कमी-जास्त व्हावी लागतात. म्हणजे त्यांची जनुकं किती वाचली जातात, तेच बदलावं लागतं. निदान आज आम्हाला असं वाटतं. पक्कं कुणालाच ठाऊक नाही."

मला केवढा आधार वाटला! हे तर मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. घरी येऊन समजावलं, "दादा, जनुकं तीच राहतात रे. कुठलं किती वाचायचं, तेवढं बदलतं. त्याला वेळ लागतो."

भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "आणि माझी वाचलीच नाहीत तर गो?"

सहाव्या आठवड्यात एका सकाळी तो आपणहून आंघोळीला गेला. मी न्हाणीबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत रडले. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्याही नाही.

औषध बदललं. पुन्हा सहा आठवडे. मग तिसरं. एका रविवारी मी त्याला आरे-वारेला नेलं, तर हा समुद्राकडे पाठ करून बसला. माझा तोल गेला.

"तू प्रयत्नच करत नाहीस!"

"गोळी घेतो ना," तो म्हणाला. "एकही चुकवली नाही. आणखी काय करू, सांग."

फळ्यावरचं सगळं मला पाठ होतं. त्यात याचं उत्तर नव्हतं.

तिसऱ्या औषधाने तो जेवायला उठू लागला, दाढी करू लागला. हसला मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, काहींना एवढाच गुण येतो. त्या रविवारनंतर आपल्याला कसं वाटतंय, हे दादाने मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलं की "बरंय" म्हणतो आणि गोळीसाठी हात पुढे करतो.