चौदा डबे

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही कॉलेजच्या विहिरीपाशी जमायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी प्राणिशास्त्र विभागात नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. राग तर नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, हिला शाळेत नाही, पोलिसात घालायला हवं होतं.

कॉलेज गावाबाहेर, सेलूकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे इमारती, मागे बाभळी, चिंचा, एक मोठा वड आणि त्यापलीकडे कॉलेजच्याच मालकीचं थोडं रान, ठेक्याने दिलेलं. तिथे कपाशी व्हायची. पक्षी बघायची ही टूम आमच्या विभागप्रमुखांनी काढली. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. येणारे आम्ही चौघंच: सर, गणिताचे एक प्राध्यापक, ग्रंथपाल आणि मी. दुर्बीण एकच होती, ती सरांच्या गळ्यात. इतरांनी डोळे वापरायचे.

फिरून झालं की वडाखाली बसायचं आणि पाखरांची हजेरी घ्यायची. ही आमची मास्तरांची खोड. सर वहीतून एकेक नाव वाचायचे, बुलबुल, होला, तांबट, साळुंकी, आणि ज्याने तो पक्षी पाहिला असेल त्याने "हजर" म्हणायचं. कुणीच बोललं नाही की नावापुढे फुली. मार्चमध्ये फुल्या एक-दोनच असायच्या. सातभाईंचा एक थवा होता. नावाला सात, पण होते आठ, आणि कलकलाट अठरांचा. गणिताचे प्राध्यापक म्हणायचे, ही आपल्या स्टाफरूमची मंडळी.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. विहिरीचं पाणी तळाला गेलं, मागचा नाला कोरडा पडला. पाखरांना पाणी ठेवायचं ठरलं. मातीची भांडी पोरं दगड मारून फोडतात, असं ग्रंथपाल म्हणाले. तेव्हा मीच पुढे झाले. मागच्या रानातल्या शेडमध्ये पत्र्याचे रिकामे डबे पडले होते, कपाशीवर फवारायच्या औषधाचे. ते आडवे कापले की छान पसरट भांडं होईल, ही अक्कल माझी. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज हे वाचणारा कपाळाला हात लावेल. पण तेव्हा आमच्या जिल्ह्यात गावोगावी असे डबे वापरात होते. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी दाणे, कुणी कडीला दोर बांधून विहिरीतून पाणी काढी. चांगला पत्रा फुकट मिळतोय तर टाकायचा कशाला? शिवाय मी ते डबे राखेने घासले, सोड्याने घासले, तीन पाण्यांनी धुतले. लखलखत होते. एकूण पाच डबे आमच्या फिरण्याच्या वाटेवर ठेवले, जिथून पाखरं नीट दिसतील अशा जागी. जागाही मीच निवडल्या.

रोज संध्याकाळी ते भरण्याचं काम चौकीदाराला दिलं. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. मागच्या फाटकाजवळ टिनाच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. रोजंदारीवरचा, पण खोली होती म्हणून टिकून होता. त्या उन्हाळ्यात तर ती खोली त्याला फारच गरजेची होती. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती. दिवस नाजूक आहेत, दवाखान्याजवळ राहा, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचं गाव आर्वीच्या बाजूला आत होतं आणि तिथून दवाखाना दोन तासांवर. हे मला माहीत होतं. त्याच्या बायकोनेच मला सांगितलं होतं, मोठ्या आनंदाने.

पहिल्याच दिवशी डबा हातात घेऊन त्याने तो नाकाशी नेला आणि म्हणाला, "मॅडम, वास नाई गेला याचा. पाखरायले नका पाजू याच्यातलं पाणी."

"तीन पाण्यांनी धुतलेत," मी म्हटलं. "तुम्ही फक्त भरा."

 तो बादली उचलून गेला. मला उलट त्याचाच राग आला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला हा माणूस पाखरांचं काय सांगतो?

पुढच्या रविवारी हजेरीत चार फुल्या पडल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सात. सातभाई आठाचे पाच झाले होते आणि त्यांचा आवाजही खाली आला होता. वाटेत एक बुलबुल मरून पडलेला दिसला, पाय आखडलेले, चोच उघडी. सर म्हणाले, ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पाखरं खरोखरच उन्हाने झाडावरून पडतात, त्यामुळे ते कुणाला खोटं वाटलं नाही. डबेही पहाटे कोरडे असायचे. पाणी कमी पडतंय, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि डबे वाढवले. पाचाचे नऊ केले. पाखरं आणखी घटली, तसे चौदा केले. प्रत्येक डबा मी स्वतः घासला. आता ते आठवलं की माझ्या हातांचीच मला किळस येते.

वाट दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. बाभळीखालून जाताना आपलेच पाय वाजलेले ऐकू यायचे. वडाखाली सर नाव वाचायचे आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. गणिताच्या प्राध्यापकांनी विनोद करणं सोडलं होतं. एकदा ते हळूच म्हणाले की, आपण येतो म्हणून तर ही जात नाहीत ना? सरांनी वही मिटली. त्या दिवशी चहासुद्धा कुणी नीट प्यायला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत भरली होती. चौकीदाराच्या खोलीमागे पाखरं होती, आणि चांगली भरपूर होती. होले, साळुंक्या, दोन तित्तिर. त्याने तिथे फुटक्या माठाचं बूड मातीत रोवून पाणी ठेवलं होतं. आमच्या चौदा डब्यांवर शुकशुकाट आणि याच्या एका खापरावर जत्रा! माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका शनिवारी मी पहाटे एकटीच गेले. अजून फटफटलं नव्हतं. चौकीदार आमच्या वाटेवरून चालला होता. एका डब्यापाशी थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि पायाने तो डबा कलंडवला. पाणी मातीत गेलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. मी चिंचेआड उभी राहून सगळं बघितलं.  आम्ही या तहानलेल्या जिवांसाठी पाणी ठेवतो आणि हा ते सांडतो, म्हणजे पाखरं मुकाट याच्या दारात यावीत, फाशात सापडावीत आणि याच्या चुलीवर चढावीत. सगळं कसं चोख जुळलं. पाखरं बघणाऱ्या माणसांना असं जुळवायची सवयच असते. पीस दिसलं की आम्ही पक्षी सांगतो.

त्याच सकाळी मी सरांना सांगितलं आणि सरांनी प्राचार्यांना. सोमवारी त्याला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. आम्ही चौघंही होतो. डबे आपणच सांडत होतो, हे त्याने लगेच कबूल केलं.

"ते पाणी चांगलं नाई, साहेब," तो म्हणाला. "मी मॅडमले सांगतलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे तेवढा एकच क्षण माझ्या हातात होता. हो, सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मग त्या डब्यांचा वास घ्यावा लागला असता, आणि ते डबे मी धुतले होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. सर म्हणाले, भरायचा कंटाळा, दुसरं काय. तित्तिरांचा विषय निघाला तेव्हा तो नुसता नाही म्हणून मान हलवत राहिला. प्राचार्यांनी त्याला दोन दिवसांत खोली सोडायला सांगितली.

मुलगी आदल्याच आठवड्यात आली होती. बुधवारी दुपारी मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. तो पुढे, डोक्यावर ट्रंक. मागे बायको, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पोट सांभाळत चालणारी ती मुलगी. एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. मी पडदा ओढून घेतला.

नवा चौकीदार तरणा होता, सांगितलं तेवढं करणारा. त्याने चौदाही डबे काठोकाठ भरले आणि भरलेलेच ठेवले. खोलीमागचं खापर कोरडं पडलं.

त्या रविवारी आम्ही वाटेला लागलो आणि पहिल्याच वळणावर ग्रंथपाल थांबले. बाभळीखाली होले पडले होते. पुढे साळुंक्या. डब्याच्या कडेला मान टाकून एक बुलबुल, अर्धा पाण्यात.  प्रत्येक डब्यापाशी तेच, आणि डब्यापासून जितकं लांब जावं तितकी ती कमी. सातभाई पाचही एका जागी होते, जवळजवळ. एकट्याने मरणं त्यांना ठाऊकच नसावं. शेवटच्या डब्यापाशी, रानाच्या कुंपणाला लागून, एक मोर पडला होता आणि त्याचा पिसारा काट्यांत अडकला होता.

गणिताच्या प्राध्यापकांनी वाकून डब्याचा वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने सांगितलं होतं ना?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी वडाखाली आम्ही बसलो नाही. वही सरांच्या हातात होती, ती त्यांनी उघडलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरानेच फिर्याद केली होती.

सोमवारी मी आर्वीची एसटी धरली आणि पुढे तीन मैल चालत त्याचं गाव गाठलं. मनात वाक्यं जुळवत होते, पण एकही धड होत नव्हतं. तो अंगणात बाज विणत बसला होता. आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. बायकोने पाणी आणून दिलं. मुलगी शनिवारी रात्री घरीच सुटली होती, सुईणीच्या हाती. फार त्रास झाला, असं बायको म्हणाली. दोघं वाचली, एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने वर डोळे करून पाहिलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. मोरापर्यंत सांगितलं. माझी चूक आहे, मी प्राचार्यांना लिहून देते, असं म्हणाले. तो बाजेची दोरी ओढत ऐकत होता.  हात थांबवून त्याने एकच विचारलं.

"मॅडम, डबे कुठी टाकले?"

डबे सरांनी उचलायला लावले होते. नव्या चौकीदाराने ते फाटकाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन टाकले होते. मी तसं सांगितलं. तो उभा राहिला. दोरी हातातच होती.

"लोकं उचलतीन," तो म्हणाला. "चाला."

चप्पल अडकवून तो निघाला. दीड दिवसाच्या नातवाला तसंच सोडून, ज्या कॉलेजने त्याला हाकललं त्याच्याच दिशेने. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. उकिरड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथे फक्त चार डबे होते.

मग तो कॉलेजजवळच्या गावात घरोघर फिरला. कोण काय वेचतं, कुणाच्या कोंबड्या, कुणाची शेळी, कुणाकडे भांड्यांची ओढ, सगळं त्याला माहीत होतं. मी त्याच्या मागे. एका घरी डब्यात कोंबड्यांचं पाणी होतं. एका घरी बाईने त्यात पीठ मळायला घेतलं होतं. डबा तिच्या हातातून ओढून घेताना ती भांडायला उठली, आणि त्याने शांतपणे तिला सगळं समजावून सांगितलं. चूक कुणाची, हे मात्र त्याने कुठल्याच दारात सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत, उकिरड्यावरचे चार धरून, अकरा डबे मिळाले. ते त्याने कुदळीने ठेचले, कॉलेजच्या बांधाशी कंबरभर खड्डा खणला आणि पुरले.

मी प्राचार्यांना लिहून दिलं. ते फायलीत गेलं. खोलीत नवा चौकीदार राहत होता, तो राहिला. रविवारचं फिरणं त्यानंतर झालं नाही. कुणी बंद केलं नाही, कुणी आलंच नाही.

कॉलेजजवळच्या त्या गावात मी पुढे कितीतरी दिवस हिंडले. कुणाच्या ओट्याखाली, कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या विहिरीच्या काठावर बघत राहिले. कुणी मेल्याचं कानावर आलं की मी विचारायचे, काय झालं होतं? लोक सांगायचे: ऊन लागलं, हगवण लागली, वय झालं होतं. मी मान हलवायचे.

तीन डबे मिळाले नाहीत.